ॲब्स्ट्रॅक्ट क्लास: अर्धा लिहून सोडलेला क्लास असतो तरी कशाला?

व्हायव्हामध्ये हा प्रश्न हमखास येतो, ॲब्स्ट्रॅक्ट क्लास म्हणजे काय, आणि उत्तरही ठरलेलं असतं, "सर, ज्याचा ऑब्जेक्ट बनवता येत नाही तो क्लास." (क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून काढलेली वस्तू.) मार्क पडतात, विषय संपतो. उत्तर चुकीचं नाहीये पण त्यातून डोक्यात काही उजेड पडत नाही, कारण लगेच पुढचा प्रश्न यायला हवा की अरे, ज्याचा ऑब्जेक्टच बनत नाही तो क्लास लिहायचा कशाला? तो सहसा कोणी विचारत नाही. वर नोट्समधली उदाहरणं म्हणजे शेप आणि सर्कल, नाहीतर ॲनिमल आणि डॉग, आणि नोकरीला लागल्यावर कुत्र्याला भुंकायला लावणारा क्लास लिहायला कुठलाही मॅनेजर सांगत नाही. त्यामुळे पोरं व्याख्या पाठ करतात, पुढे इंटरव्ह्यूला परत तीच म्हणून दाखवतात, आणि स्वतःच्या कोडमध्ये ॲब्स्ट्रॅक्ट हा शब्द कधी लिहायचा हे काही शेवटपर्यंत कळत नाही.

म्हणून ती खेळण्यातली उदाहरणं बाजूला ठेवू आणि जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतला एक खराखुरा क्लास उघडून बघू, इनपुटस्ट्रीम. हा जावाच्या पहिल्या व्हर्जनपासून, म्हणजे १९९६ पासून आहे. फाइल वाचा, नेटवर्कवरून डेटा घ्या, झिप उघडा, सगळीकडे हा येतो. काम काय तर कुठून तरी एकामागोमाग एक बाइट आणून द्यायचे. आता कुठून आणायचे हे त्याला माहीतच नाही, आणि माहीत असण्याचं कारणही नाही, कारण फाइलमधून बाइट काढायची पद्धत वेगळी, नेटवर्कच्या सॉकेटमधून काढायची वेगळी, मेमरीतल्या ॲरेतून काढायची तर फारच सोपी. पण एकदा का एक बाइट कसा आणायचा हे ठरलं की बाकीचं बरंचसं काम सगळीकडे सारखंच असतं. शंभर बाइट एकदम हवेत? एक एक करून शंभर वेळा आण. पहिले पन्नास सोडून द्यायचेत? आण आणि फेकून दे. सगळंच्या सगळं वाचायचंय? संपेपर्यंत आणत रहा.

तर ज्यांनी हा क्लास लिहिला त्यांनी नेमकं हेच केलं. रीड नावाची एक मेथड (म्हणजे क्लासला करता येणारं एक काम), जिला काही द्यायचं नाही आणि जी एक बाइट परत देते, तिला ॲब्स्ट्रॅक्ट ठेवलं, म्हणजे नाव लिहिलं, काय परत येणार ते लिहिलं, आणि कंसाऐवजी थेट सेमीकोलन मारून सोडून दिली, आत कोड नाहीच. आणि बाकीच्या मेथड्स पूर्ण लिहिल्या. रीडचीच एक मोठी बहीण आहे जी अख्खा ॲरे भरून देते, ती आतून लूप लावून त्या छोट्या रीडला परत परत बोलावते. बाइट वगळत पुढे जाणारी स्किप ही ॲरेवाल्या रीडला बोलावते. सगळं एकदम वाचणारी रीडऑलबाइट्स, एका स्ट्रीममधून दुसऱ्यात ओतणारी ट्रान्सफरटू, सगळ्यांची साखळी खाली खाली उतरत शेवटी त्या एका रिकाम्या रीडवर येऊन टेकते.

इथे जरा थांबून नीट बघा, कारण सगळी गंमत इथेच आहे. लिहिलेला कोड न लिहिलेल्या कोडला कॉल करतोय. ज्यांनी लूप लिहिला त्यांनी तुमच्या क्लासचं तोंडही पाहिलेलं नाही, तुम्ही कदाचित तेव्हा बालवाडीत होतात, तरी त्यांचा लूप आज तुमच्या रीडला बोलावतो आणि चालतो. आपण नेहमी लायब्ररी वापरतो म्हणजे आपला कोड लायब्ररीला कॉल करतो, इथे उलटं आहे, लायब्ररीच आपल्याला कॉल करते. माझ्या मते ॲब्स्ट्रॅक्ट क्लासची खरी व्याख्या हीच, ऑब्जेक्ट बनत नाही वगैरे सगळं याच्या मागून येतं.

सत्यनारायणाच्या पोथीत संकल्प छापलेला असतो तसं आहे हे. आचमन कधी, पाणी कधी सोडायचं, सगळा क्रम पक्का, आणि मधे फक्त "अमुक गोत्र, अमुक नाव" असं छापलेलं, तिथे आलं की गुरुजी थांबतात आणि यजमानाकडे बघतात. पोथी छापणाऱ्याला यजमान कोण हे माहीत नव्हतं, त्याला फक्त इतकं माहीत होतं की इथे कोणीतरी असणार आणि त्याला नाव असणार. आणि कोणी "अमुक" हेच यजमानाचं नाव म्हणून पूजा उरकली तर ती पूजा कोणाची झाली?

आता आपण स्वतः एक स्ट्रीम बनवून बघू, अगदी बिनकामाचा का होईना. सांगू तितके शून्य देणारा स्ट्रीम. क्लासचं नाव शून्यस्ट्रीम, इनपुटस्ट्रीमला एक्स्टेंड केलं, म्हणजे त्याचं सगळं वारशाने घेणारा सबक्लास बनवला, आत एक फील्ड (ऑब्जेक्टने साठवलेली किंमत), उरलेले किती, जे कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमध्ये, भरलं. आणि रीड मेथड ओव्हरराइड केली, म्हणजे तिला आपली बॉडी दिली: उरलेले शून्य असतील तर डेटा संपल्याची खूण म्हणून उणे एक रिटर्न कर, नाहीतर उरलेले एकने कमी कर आणि शून्य रिटर्न कर. संपलं. चार ओळींचा ऐवज. पण आता याच्यावर रीडऑलबाइट्स कॉल करा, चालतं. ट्रान्सफरटू वापरून फाइलमध्ये ओता, चालतं. बफर्डइनपुटस्ट्रीममध्ये गुंडाळा, ८१९२ बाइटचा बफर लागतो, चालतं. आणि रीडऑलबाइट्स आणि ट्रान्सफरटू या दोन मेथड्स तर जावा ९ मध्ये, म्हणजे २०१७ साली आल्या. कोणी वीस वर्षं आधी असा क्लास लिहून ठेवला असता आणि त्यानंतर त्याला हातही लावला नसता तरी त्याला या दोन मेथड्स आपोआप फुकटात मिळाल्या असत्या, कारण खालचा तो एक तुकडा त्याने तेव्हाच भरलेला होता.

आता नियम. पोरं हे नियम वेगवेगळे पाठ करतात आणि मग परीक्षेत गोंधळ होतो, पण वरची एक गोष्ट धरून ठेवली की पाठ करायची गरजच नाही.

ऑब्जेक्ट का बनत नाही? बनला असता तर त्याच्यावर रीड कॉल केल्यावर मशीनने कुठे जायचं? तिथे काहीच नाहीये. म्हणून कंपायलर मुळातच न्यू इनपुटस्ट्रीम लिहू देत नाही. पण इनपुटस्ट्रीम या टाइपचं व्हेरिएबल मात्र बिनधास्त बनवता येतं, मेथडचा पॅरामीटर त्या टाइपचा ठेवता येतो, आणि ठेवावाच, कारण मग त्यात फाइलवाला, ॲरेवाला, आपला शून्यवाला कोणीही येऊन बसू शकतो. ऑब्जेक्ट बनत नाही म्हणजे टाइपही वापरता येत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही. आणि हो, जावात न्यू इनपुटस्ट्रीम लिहून पुढे महिरपी कंस उघडून आत रीड लिहिलेली दिसते कधी कधी, तेव्हा वाटतं की अरे इथे तर ऑब्जेक्ट बनला! तिथे गुपचूप एक बिननावाचा सबक्लास बनलेला असतो आणि ऑब्जेक्ट त्याचा असतो.

ॲब्स्ट्रॅक्ट मेथड प्रायव्हेट का नसते? सबक्लासला दिसणारच नसेल तर तो भरणार काय. फायनल का नाही? फायनल म्हणजे ओव्हरराइड करायचं नाही, आणि इथे तर ओव्हरराइड करणं हेच काम. जावात स्टॅटिक का नाही? कारण स्टॅटिक मेथड क्लासच्या नावाने कॉल होते, कुठला ऑब्जेक्ट आहे ते बघून योग्य सबक्लासची मेथड शोधणं हा प्रकार तिथे होतच नाही. हे तिन्ही नियम म्हणजे एकच नियम आहे, मोकळी जागा भरता यायला हवी.

कन्स्ट्रक्टर असतो का? असतो. ऑब्जेक्ट बनत नाही तर कन्स्ट्रक्टर कशाला, असा प्रश्न विचारून इंटरव्ह्यू घेणारे लोक मजा बघत बसतात. सबक्लासचा ऑब्जेक्ट बनतो तेव्हा त्याच्या पोटात वरच्या क्लासची फील्ड्सही असतात, ती कोणीतरी भरायला हवीत ना, म्हणून सबक्लासचा कन्स्ट्रक्टर आधी वरच्याला कॉल करतो.

क्लासचा ॲब्स्ट्रॅक्ट मेंबर, म्हणजे घटक, ही फक्त मेथडच असते असं नाही. सी-शार्प या भाषेत प्रॉपर्टीसुद्धा (बाहेरून फील्डसारखी दिसणारी, आतून मेथडसारखी चालणारी) ॲब्स्ट्रॅक्ट ठेवता येते, की लांबी नावाची प्रॉपर्टी असणार, वाचता येणार, पण तिची किंमत कशी काढायची ते खालचा ठरवेल. इंडेक्सर आणि इव्हेंटही चालतात. कोटलिनमध्येही ॲब्स्ट्रॅक्ट प्रॉपर्टी आहे. जावात प्रॉपर्टी हा प्रकारच नाही म्हणून तिथे गेटर मेथड ॲब्स्ट्रॅक्ट ठेवतात. साधं फील्ड मात्र ॲब्स्ट्रॅक्ट करता येत नाही.

अजून एक, क्लासमध्ये एक जरी ॲब्स्ट्रॅक्ट मेथड असली तरी क्लासला ॲब्स्ट्रॅक्ट म्हणावंच लागतं, पण उलटं खरं नाही. एकही ॲब्स्ट्रॅक्ट मेथड नसलेला ॲब्स्ट्रॅक्ट क्लास चालतो. वाचायला विचित्र वाटतं पण ज्यांनी सर्व्हलेट (वेबवरच्या रिक्वेस्टला उत्तर देणारे जावा क्लास) केलेत त्यांनी तो वापरलेला आहे, एचटीटीपीसर्व्हलेट. त्यात डूगेट, डूपोस्ट सगळ्यांना बॉडी आहे, आणि ती बॉडी काय करते तर "ही पद्धत इथे चालत नाही" म्हणून ४०५ चा एरर पाठवते. म्हणजे तुम्ही फक्त डूगेट लिहिलंत आणि कोणी पोस्ट रिक्वेस्ट पाठवली तर उत्तर तयार आहे. पण काहीच न लिहिता नुसत्या त्या क्लासचा ऑब्जेक्ट बनवून उपयोग शून्य, म्हणून क्लासवर ॲब्स्ट्रॅक्टचा शिक्का.

हे सगळं आलं कुठून? क्लास आणि सबक्लास ही कल्पना नॉर्वेची, ओस्लोला ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नायगार्ड यांनी केलेली सिम्युला ६७ ही भाषा. त्यात व्हर्च्युअल प्रोसीजर होती, वरच्या क्लासमध्ये नाव जाहीर करायचं आणि बॉडी खालच्या क्लासमध्ये द्यायची. नंतर स्मॉलटॉकमध्ये ॲब्स्ट्रॅक्टसाठी वेगळा शब्द भाषेत नव्हता, तिथे मेथडच्या बॉडीत एकच ओळ लिहायचे, सबक्लासरिस्पॉन्सिबिलिटी, अर्थात ही जबाबदारी सबक्लासची. खालच्याने ती मेथड भरली नसेल तर प्रोग्राम चालता चालता त्या जागी पोचला की एरर. पोचलाच नाही तर कोणाला काही पत्ता लागत नाही.

सी++ मध्ये हे १९८९ च्या २.० रिलीजमध्ये आलं आणि तिथे तर मजाच आहे, मेथडच्या शेवटी बरोबर शून्य असं लिहितात. बरोबर शून्य! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की मेथडला शून्य किंमत देतायत की काय. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुपनी नंतर सांगितलंय की ॲब्स्ट्रॅक्ट किंवा प्युअर असा नवा कीवर्ड त्या वेळी लोकांच्या गळी उतरेल अशी चिन्हंच नव्हती, म्हणून आहे त्या चिन्हांत भागवलं. जावाने नंतर सरळ ॲब्स्ट्रॅक्ट हा कीवर्डच घेतला, तो वाचायला कितीतरी बरा.

पायथॉनमध्ये हे बरंच उशिरा आलं, २००८ मध्ये, २.६ आणि ३.० या व्हर्जनमध्ये एबीसी नावाचं मॉड्यूल. त्याआधी लोक मेथडमध्ये नॉटइम्प्लिमेंटेडएरर फेकायचे, म्हणजे स्मॉलटॉकचीच पद्धत. आता एबीसी क्लासला इन्हेरिट करायचं आणि मेथडच्या डोक्यावर ॲब्स्ट्रॅक्टमेथड हा डेकोरेटर लावायचा. पकडलं कधी जातं? क्लास लिहिला तेव्हा नाही, ऑब्जेक्ट बनवायला गेलात तेव्हा टाइपएरर. इथे एक खड्डा आहे, डेकोरेटर लावला पण एबीसीला इन्हेरिट करायलाच विसरलात तर पायथॉन एक चकार शब्द काढत नाही, ऑब्जेक्ट खुशाल बनतो, आणि आपण समजत असतो की इथे कुलूप आहे.

म्हणजे एकच चूक, मोकळी जागा भरायची राहिली, ती जावा आणि सी-शार्पमध्ये कंपाइल करतानाच कळते, पायथॉनमध्ये ऑब्जेक्ट बनवताना, आणि जुन्या पद्धतीत ती मेथड प्रत्यक्ष कॉल झाली तर. जितकं लवकर तितकं स्वस्त. रात्री अडीचला प्रोडक्शनमध्ये कळण्यापेक्षा संध्याकाळी एडिटरमध्ये लाल रेघ दिसलेली केव्हाही परवडते.

आता जरा धोक्याच्या जागा, कारण लिहिलेला कोड न लिहिलेल्याला कॉल करतो यातच त्रासाचं मूळ पण आहे.

पहिली जागा कन्स्ट्रक्टर. समजा वरच्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये तुम्ही तयारी नावाची ॲब्स्ट्रॅक्ट मेथड कॉल केलीत, हेतू चांगला की प्रत्येक सबक्लासने आपापली तयारी करून घ्यावी. खालच्या क्लासमध्ये एक लिस्ट आहे, फील्ड जाहीर करतानाच न्यू ॲरेलिस्ट लिहून टाकलंय, आणि तयारीमध्ये त्या लिस्टमध्ये काही भरलंय. वाचायला सगळं स्वच्छ. चालवलं की नलपॉइंटर, म्हणजे तिथे ऑब्जेक्टच नाही असा एरर. का, तर जावात आधी वरचा कन्स्ट्रक्टर पूर्ण होतो आणि मग खालच्या क्लासची फील्ड्स भरली जातात, आणि वरच्याने तर मधेच खालच्या मेथडला हाक मारली, तेव्हा ती लिस्ट अजून जन्मालाच आलेली नव्हती. डिबगर लावून बसलं तरी डोळ्यांवर विश्वास बसत नाही, समोर ओळ दिसते न्यू ॲरेलिस्ट आणि किंमत दिसते नल. सी-शार्पमध्ये फील्डच्या ओळीवर लिहिलेली किंमत आधी भरली जाते त्यामुळे ही लिस्ट वाचते, पण खालच्या कन्स्ट्रक्टरच्या बॉडीत जे भरणार होतात ते रिकामंच असतं. आणि सी++ ची तऱ्हा तिसरीच, वरचा कन्स्ट्रक्टर चालू असताना तो ऑब्जेक्ट अजून वरच्याच क्लासचा मानला जातो, म्हणून कॉल खाली जातच नाही, वरच्या रिकाम्या मेथडवर आदळतो. जुन्या विंडोजवर आर६०२५, प्युअर व्हर्च्युअल फंक्शन कॉल, असा डबा उघडून प्रोग्राम बंद पडलेला काहींना आठवत असेल, तो येण्याचं हे एक ठरलेलं कारण, सहसा कन्स्ट्रक्टरने दुसऱ्या एका मेथडला कॉल केलेला असतो आणि त्या मेथडने आतून त्या रिकाम्या मेथडला. थोडक्यात कन्स्ट्रक्टरमधून ॲब्स्ट्रॅक्ट मेथड कॉल करायची नाही, यात मला तरी कुठलाही अपवाद मान्य नाही.

दुसरी जागा जास्त गंमतीची आहे आणि ती परत त्या रीडपाशीच आहे. ही मेथड परत काय देते ते आठवा, एक बाइट. पण तिचा रिटर्न टाइप बाइट नाहीये, इंट आहे. कारण डेटा संपला हे सांगायला उणे एक वापरलंय, आणि बाइटच्या सगळ्या २५६ किमती तर डेटातच खर्च होतात, म्हणून करार असा की ० ते २५५ मधला आकडा द्यायचा, नाहीतर उणे एक. आता जावातला बाइट मात्र उणे १२८ ते १२७ असा असतो. तुम्ही एक क्लास लिहिला, आत बाइटचा ॲरे, आणि रीडमध्ये ॲरेतला पुढचा बाइट सरळ रिटर्न केला. बाइटचं इंट आपोआप होतं, कंपायलर खुश, एकही वॉर्निंग नाही. इंग्रजी टेक्स्ट देऊन बघितलं, उत्तम. मराठी टेक्स्ट दिलं तरी उत्तम! यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं, पहिला बाइट २२४, तो जावात उणे ३२ होऊन परत जातो, करार मोडलाय, पण ॲरेवाली रीड फक्त उणे एक आहे का इतकंच बघते आणि बाकी आकडा परत बाइटमध्ये कोंबते, त्यामुळे चूक झाकली जाते. टेस्ट हिरव्या. मग कोणीतरी त्यातून जेपीईजी फोटो पाठवतो. प्रत्येक जेपीईजीचा पहिलाच बाइट २५५ असतो, आणि २५५ म्हणजे जावाच्या बाइटमध्ये उणे एक. पहिल्याच घासाला "डेटा संपला". फोटो शून्य बाइटचा, एरर कुठेही नाही. इलाज म्हणजे रिटर्न करताना २५५ शी बिटवाइज अँड, इतकंच, पण ते सुचायला करार वाचलेला हवा.

यातून काय दिसतं, तर ॲब्स्ट्रॅक्ट मेंबर म्हणजे करार असं जे सगळे म्हणतात त्यातला अर्धाच करार कंपायलर तपासतो. मेथड आहे का, नाव बरोबर आहे का, टाइप जुळतात का. आकड्याचा अर्थ काय, संपल्यावर काय द्यायचं, दुसऱ्यांदा कॉल झाली तर काय, हे सगळं डॉक्युमेंटेशनमधल्या साध्या वाक्यांत असतं. म्हणून स्वतः ॲब्स्ट्रॅक्ट मेथड लिहिताना तिच्यावरची कॉमेंट ही शोभेची वस्तू नाही, बॉडी नसलेल्या मेथडमध्ये तीच काय ती बॉडी.

तिसरी जागा, नंतर बदल करणं. तुमचा ॲब्स्ट्रॅक्ट क्लास दहा टीम वापरतायत आणि तुम्ही त्यात एक नवीन ॲब्स्ट्रॅक्ट मेथड घातलीत की दहाही टीमचा बिल्ड कोसळतो, कारण सगळ्यांच्या सबक्लासमध्ये नवीन भोक पडलं. आणि कोणी परत कंपाइल न करता जुनी जार (कंपाइल झालेल्या कोडची फाइल) तशीच लावली तर जावात रनटाइमला ॲब्स्ट्रॅक्टमेथडएरर येतो. जेडीबीसीवाल्यांना, म्हणजे जावातून डेटाबेसशी बोलणाऱ्यांना, हा चांगला ओळखीचा आहे: कनेक्शन इंटरफेसमध्ये (इंटरफेस म्हणजे कुठल्या मेथड्स असायला हव्यात त्याची यादी) जावा ६ च्या वेळी इझव्हॅलिड ही मेथड आली, आणि त्याआधीचा जुना ड्रायव्हर लावून नवीन कनेक्शन पूल वापरायला गेलं की नेमक्या त्या मेथडवर हा एरर. म्हणून नवीन काही घालायचं तर बॉडीसकट घाला, जसं ट्रान्सफरटूच्या वेळी केलं. भोकं पहिल्या दिवशीच काय ती ठरवायची.

आता इंटरफेस, हा विषय टाळून चालणार नाही. पूर्वी फरक सांगणं सोपं होतं, इंटरफेसमध्ये एकही बॉडी नाही, ॲब्स्ट्रॅक्ट क्लासमध्ये असू शकते. २०१४ मध्ये जावा ८ आलं, इंटरफेसमध्ये डीफॉल्ट मेथड लिहिता यायला लागली आणि नोट्समधला तो तक्ता जुना झाला, बऱ्याच ठिकाणी अजून तोच घोकतात ते सोडा. आजचा खरा फरक असा की इंटरफेसला ऑब्जेक्टची स्वतःची फील्ड्स नसतात आणि कन्स्ट्रक्टर नसतो, म्हणजे तो काही लक्षात ठेवू शकत नाही. ॲब्स्ट्रॅक्ट क्लास ठेवू शकतो, आणि फक्त सबक्लासपुरत्या प्रोटेक्टेड मेथड्सही देऊ शकतो. त्याची किंमत अशी की जावात आणि सी-शार्पमध्ये एक्स्टेंड एकाच क्लासला करता येतं, ती जागा एकदा गेली की गेली.

जावाच्या कलेक्शनमध्ये दोन्ही एकत्र फार छान वापरलंय. बाहेरच्या जगासाठी लिस्ट हा इंटरफेस, आणि लिस्ट बनवणाऱ्याच्या मदतीला ॲब्स्ट्रॅक्टलिस्ट हा क्लास. तुम्ही फक्त गेट आणि साइझ या दोन मेथड्स भरा, वाचण्यापुरती अख्खी लिस्ट तयार, शोधणं, फॉर लूपमध्ये फिरणं, दोन लिस्ट सारख्या आहेत का बघणं, सगळं आलं. किंमत बदलणारी सेट ही मेथड भरली नाहीत तर ती अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन फेकते. ज्याला हे काहीच नको तो लिस्ट सरळ इम्प्लिमेंट करायला मोकळा. पायथॉनचा मॅपिंगही (की आणि तिची किंमत अशा जोड्या ठेवणाऱ्यांसाठीचा ॲब्स्ट्रॅक्ट क्लास) याच जातीचा, तीन मेथड्स भरा, एका कीची किंमत, किती आहेत, आणि एकामागोमाग कीज, मग गेट, आयटम्स, कीज, व्हॅल्यूज बसल्या जागी मिळतात.

एकच मोकळी जागा असेल आणि सोबत काही लक्षात ठेवायचं नसेल तर हल्ली ॲब्स्ट्रॅक्ट क्लास करूच नये, सरळ पॅरामीटर म्हणून लॅम्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, घ्यावा. जावाचा टाइमरटास्क बघा, रन ही एकच ॲब्स्ट्रॅक्ट मेथड, पण तो क्लास असल्यामुळे तिथे लॅम्डा चालत नाही, इंटरफेस असता तर चालला असता. तो जावा १.३ च्या काळातला, तेव्हा लॅम्डाच नव्हता, त्याला काय बोलणार.

खरं कौशल्य म्हणजे किती भोकं ठेवायची आणि कुठे, हे. अँड्रॉइडवाल्यांना रिसायकलरव्ह्यूचा (स्क्रीनवर यादी दाखवणाऱ्या भागाचा) ॲडॅप्टर पाठच असतो, तीन ॲब्स्ट्रॅक्ट मेथड्स: ओळीचा साचा बनव, साच्यात डेटा भर, एकूण किती ते सांग. तिन्ही प्रत्येकाला लागतातच, एकही फालतू नाही. पण त्याच अँड्रॉइडमधला सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे काम करणारा क्लास, घ्या, त्यात ऑनबाइंड ही मेथड ॲब्स्ट्रॅक्ट आहे, आणि ज्यांना बाइंड वगैरे काही करायचं नाही त्यांनाही ती लिहावी लागते, म्हणून कितीतरी सर्व्हिसमध्ये ऑनबाइंडच्या आत रिटर्न नल एवढंच लिहिलेलं सापडेल. सगळेच लोक एखादी मेथड रिकामी भरत असतील तर ती ॲब्स्ट्रॅक्ट नको होती, तिला साधी डीफॉल्ट बॉडी दिली असती तर काम भागलं असतं.

सी-शार्पचा स्ट्रीम तर या बाबतीत जावाच्या बरोबर उलट टोकाला. जावाच्या इनपुटस्ट्रीममध्ये एक भोक, लिहिण्यासाठी आउटपुटस्ट्रीम वेगळा, त्यातही एकच. सी-शार्पने वाचणं, लिहिणं, मागे-पुढे जाणं सगळं एकाच क्लासमध्ये घातलं आणि दहा ॲब्स्ट्रॅक्ट मेंबर ठेवले, पाच प्रॉपर्टी आणि पाच मेथड. आता नेटवर्कवरून येणाऱ्या डेटाची लांबी आधी कळत नाही आणि त्यात मागेही जाता येत नाही, तरी लांबी आणि सीक भरावेच लागतात, मग नेटवर्कस्ट्रीम तिथे नॉटसपोर्टेडएक्सेप्शन फेकून मोकळा होतो. म्हणून कॅनसीक नावाची वेगळी प्रॉपर्टी, आधी विचारा मागे जाता येतं का, मग जा. अर्थात जावाच्या एका भोकालाही किंमत आहेच, एक एक बाइटचा लूप फाइलसाठी फार मंद पडतो, म्हणून फाइलइनपुटस्ट्रीम ती ॲरेवाली रीडही स्वतः ओव्हरराइड करतो, तिला बॉडी असूनसुद्धा. तरी मला विचाराल तर मी जावाच्या बाजूने, कारण आपला शून्यस्ट्रीम सी-शार्पमध्ये लिहायला घेतला तर त्या दहापैकी निम्म्याहून जास्त मेंबर निव्वळ "जमत नाही" एवढं सांगण्यासाठी टाइप करावे लागतील.